टाळूवरची खपली

नातीच्या डोक्यावर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, डाळीचं पीठ राहिलंय.

आंघोळ नुकतीच झाली होती. मालिशवाल्या मावशी मागच्या पायरीवर चहा घेत होत्या आणि मी चिऊला पंच्यात गुंडाळून खिडकीपाशी उजेडाला बसले होते. टाळूच्या जरा पुढे, भुरभुऱ्या जावळात, रुपयाएवढा पिवळट डाग. बोटाचं पेर ओलं करून पुसलं. निघेना. पुन्हा पुसलं, आणि मग लक्षात आलं की हा डाग नाही, थर आहे. तळण झाल्यावर कढईच्या काठाला तेल वाळून चिकटतं ना, तसा. मेणचट, हाताला किंचित तेलकट, आणि कडेकडेने पापुद्रे सुटलेला.

चिऊ तेव्हा पाच आठवड्यांची होती. लेक बाळंतपणाला सांगलीला आलेली. श्रावण लागलेला, चार दिवस उन्हाचा पत्ता नाही, घरभर दोऱ्यांवर दुपटी आणि लंगोट. अशा घरात आजीकडे एकच काम असतं, ते म्हणजे काळजी करणं. ते मी मन लावून करत होते.

मावशींना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच निकाल दिला. "खवडं हाय ओ बाई. तेल कमी पडतंय. उद्यापास्नं टाळू जरा दाबून भरूया." सांगली-मिरजेत मावशींच्या हाताखालून निदान दोनशे पोरं गेली असतील. त्यांच्यापुढे मी कोण? मी आपली निवृत्त शिक्षिका, आठवी ते दहावी विज्ञान. त्यामुळे दुसऱ्या दिवशीपासून तेल वाढलं. आठवड्याभरात रुपयाचा तळहात झाला.

टाळू भरणं म्हणजे काय ते नव्या पिढीतल्या काहींना ठाऊक नसेल. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला जी मऊ, चौकटच्या आकाराची जागा असते, जिथे हात ठेवला की धुकधुक लागते, तिथे रोज तेल घालून जिरवायचं. का, तर टाळू लवकर भरून यावी म्हणून. माझी दोन्ही मुलं अशीच वाढली. आंघोळीला बसलं की आधी डोक्यावर कोमट खोबरेल, मग अंगाला, मग डाळीचं पीठ नि साय, आणि शेवटी डोक्यावरून पाणी. पण हे पाणी कसं? तर हाताचा आडोसा धरून, घाबरत घाबरत, नुसतं ओघळलेलं. टाळूला धक्का लागेल ही भीती प्रत्येकीच्या हातात बसलेली असते. म्हणजे बघा, अख्ख्या अंगात सगळ्यात जास्त तेल जिथे ओततो, तीच जागा सगळ्यात कमी धुतो. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

मधल्या दिवसांत सल्ल्यांचा पाऊस बाहेरच्यापेक्षा जोरात होता. शेजारच्या काकूंनी खोबरेलात कापूर उकळून आणला, "आमच्या नातवाचा कोंडा असाच गेला" म्हणत. नातू कॉलेजात आहे हे त्यांनी सांगितलं नाही. तो वास नाकात गेला आणि माझ्यातली मास्तरीण एवढ्यापुरती जागी झाली. कापूर तान्ह्या बाळाला चालत नाही. तो कातडीतून आणि श्वासातून अंगात जातो, आणि एवढ्याशा जिवाला त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. मी वाटी घेतली, आभार मानले आणि मोरीत ओतली. पुण्याहून जावयांच्या मावशींचा निरोप आला, लिंबू चोळा. फोनवर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "डोकं नीट धुतलं जात नसेल गं." त्या सहज बोलल्या असतील. पण फोन स्पीकरवर होता, लेक शेजारी चिऊला पाजत बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. टाके अजून दुखत होते, रात्रीची झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांची, आणि त्यात हे. अस्वच्छ आई.

आमचे हे तर कपाटातून एक ट्यूबच घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना मांडीला गजकर्ण झालं होतं, तेव्हा औषधाच्या दुकानातून नुसतं तोंडी सांगून आणलेली. "याने दोन दिवसांत जातं." लेकीने ती हातातून काढून घेतली आणि डॉक्टरांना दाखवायची म्हणून चिऊच्या पिशवीत टाकली. पिढीपिढीत काहीतरी सुधारतं.

आता माझी स्वतःची करणी. ती लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

एका दुपारी लेक झोपली होती. चिऊ माझ्या मांडीवर होती. एका पापुद्र्याची कड अशी काही मोहक सुटलेली की ज्याने लहानपणी गुडघ्याची खपली काढलीय त्यालाच ते कळेल. मी नख लावलं. थोडी आली. अजून थोडी आली. मग जिथे चिकटलेली होती तिथे ओढली, आणि खपलीबरोबर जावळाची बारीक बट हातात आली. खाली ओलसर गुलाबी कातडी, आणि त्यावर मोहरीच्या दाण्याएवढा लाल थेंब. चिऊने जो टाहो फोडला! लेक धडपडत उठून आली. "आई, काय केलंस?"

मी उत्तर दिलं नाही. स्वच्छ कापूस धरून बसले. संध्याकाळी आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे होतो.

डॉक्टरबाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी आधी डोक्याकडे बघितलंच नाही. प्रश्न विचारले. अंगावर नीट पिते का? वजन वाढतंय का? रात्री डोकं उशीवर घासते का, खाजवल्यासारखी कुरकुर करते का? घरात कुणाला दमा, एक्झिमा? ताप? मग चिऊचे सगळे कपडे काढायला लावले आणि कानामागे, भुवयांत, मानेच्या वळीत, काखेत, जांघेत टॉर्च लावून पाहिलं. डोकं सगळ्यात शेवटी. भुवयांत तसलाच बारीक कोंडा होता, आणि मानेच्या वळीत, जिथे दूध ओघळून साचतं, तिथे लाल आणि ओलसर. आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"क्रेडल कॅप," त्या म्हणाल्या. "कागदावर मोठं नाव लिहिते, घाबरू नका." कागदावर होतं सेबोऱ्हिक डर्मटायटिस. सोप्या भाषेत, मोठ्यांना जो कोंडा होतो त्याचीच ही तान्ह्या बाळांतली तऱ्हा. पहिल्या तीन महिन्यांत कधीतरी सुरू होतो, बहुतेक बाळांचा सहा महिने ते वर्षाच्या आत आपोआप जातो. दुखत नाही. सहसा खाजतही नाही, म्हणून तर बाळ मजेत असतं आणि रडतात ते बाकीचे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

"आणि अस्वच्छतेमुळे होत नाही," हे वाक्य त्या लेकीकडे बघून बोलल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं त्यांना. रोजच्या रोज अशा आया समोर बसत असणार.

मग होतं कशाने? नेमकं एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, पण दोन गोष्टींवर संशय आहे. पोटात असताना आईची काही संप्रेरकं वारेतून बाळाकडे जातात. जन्मानंतरही काही काळ त्यांचा अंमल असतो, आणि त्याने बाळाच्या कातडीतल्या तेलग्रंथी जोरात काम करतात. हे तेल वाढलं की मेलेल्या पेशी सुट्या होऊन झडण्याऐवजी एकमेकींना चिकटून थर होतो. दुसरा संशयित म्हणजे मॅलॅसेझिया नावाचं किण्व, म्हणजे यीस्टच्या जातीची एक सूक्ष्म बुरशी. हे आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहतं, कुणाला त्रास न देता, आणि त्याचं अन्न म्हणजे तेल.

मी खुर्चीत जरा सरसावून बसले. तीस वर्षं मी मुलींना किण्व शिकवलं. साखरेच्या कोमट पाण्यात चिमूटभर यीस्ट, त्याचा फेस, सूक्ष्मदर्शकाखाली मुकुलायन. आणि घरी रोज सकाळी वाटीभर तेल घेऊन दुसऱ्या एका किण्वाला मी स्वतःच्या हाताने जेवू घालत होते.

"म्हणजे तेल बंद?" मी विचारलं. आवाज पडलेला होता.

"बंद नको. लावा, पण काढा." थर मऊ करायला तेल हवंच. पण ते औषधासारखं, मोजून. अर्धा चमचा खोबरेल किंवा साधं बेबी ऑइल, जिथे खपली आहे तिथेच, पंधरा-वीस मिनिटं. मग मऊ केसांचा बाळाचा ब्रश घेऊन गोल गोल, अगदी हलक्या हाताने. जे सुटेल ते सुटेल, जे नाही सुटलं ते पुढच्या वेळी. त्यानंतर बिनवासाचा सौम्य बेबी शांपू, आणि तेलाचा अंशही राहणार नाही असं धुवायचं. ऑलिव्ह तेल घेऊ नका म्हणाल्या, त्या किण्वाला ते मानवतं. मोहरीचंही नको, कोवळ्या कातडीला ते झोंबतं. नख, फणी, दात असलेलं काहीही डोक्याजवळ न्यायचं नाही. खपली ओढली की जखम होते आणि तिथून जंतू शिरतात. हे सांगताना त्यांची नजर त्या लाल ठिपक्यावर होती. लेक काही बोलली नाही. पोरीचे उपकार.

टाळूला धक्का लागेल ही माझी भीती मी बोलून दाखवली. त्यांनी माझा हात धरून चिऊच्या टाळूवर ठेवला आणि थोडा दाबला. मी शहारले. "खाली जाड, चिवट पडदा आहे. हलक्या हाताने धुतल्याने काही होत नाही." टाळूची ही पुढची जागा बहुधा बारा ते अठरा महिन्यांत आपली आपण भरते, मागची लहानशी तर दोन-तीन महिन्यांतच. तेलाने ती लवकर भरत नाही, आणि वरून घातलेलं तेल आत मेंदूपर्यंत झिरपतही नाही. टाळू खोल गेलेली दिसली किंवा बाळ शांत असतानाही फुगून वर आलेली दिसली तर मात्र लगेच दाखवायचं, कारण पहिलीत अंगातलं पाणी कमी झाल्याची शंका असते आणि दुसरी डोक्यातला दाब वाढल्याचं लक्षण असू शकते.

मग लेकीने पिशवीतून ती ट्यूब काढली. डॉक्टरबाईंनी नाव वाचलं आणि झाकणासकट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, पालीपासून लांब सरकावं तशी. त्यात तीन औषधांची मिसळ होती, त्यातलं एक जोरकस स्टिरॉइड. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते, आणि तिथून ते भराभर रक्तात जातं. मानेच्या वळीसाठी त्यांनी स्वतः एक सौम्य मलम दिलं, दिवसातून एकदा, फक्त चार दिवस, तिथेच. एवढ्यावर बरं नाही वाटलं तर बुरशीनाशक शांपू देऊ, पण तो माझ्या चिठ्ठीनेच, तुम्ही दुकानातून आणायचा नाही. हे शेवटचं आमच्या ह्यांना उद्देशून. हे भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचण्यात गढले होते.

निघताना मी विचारलं, मग घाबरायचं कधी? खपली डोक्यावरून चेहऱ्याभर, अंगभर पसरायला लागली तर; तिथून पाणी, पू किंवा रक्त यायला लागलं, वास आला, ताप आला तर; बाळ खाजेने झोपेनासं झालं तर. गालावर कोरडे लाल चट्टे आणि सतत घासणं असेल तर तो एक्झिमा असू शकतो. त्याची वाट वेगळी, उपचार वेगळे. वर्ष उलटून गेलं तरी हटत नसेल, किंवा बाळ नीट वाढत नसेल आणि वारंवार आजारी पडत असेल, तरी पुन्हा तपासायचं. ही यादी लेकीने मोबाइलवर टिपून घेतली. मी टिपली नाही, मला पाठ झाली.

घरी आल्यावर खरा प्रश्न होता मावशींचा. त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, तेही थेट नाही. म्हटलं, डॉक्टर म्हणाल्या की अंगाची मालिश फार छान चाललीय, फक्त डोकं आठ दिवस आजीकडे द्या. मावशी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "टाळू न्हाई भरली तर मग माझ्या नावानं बोंबलू नगा." पण दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या आणि मी डोकं धुताना शेजारी उकिडव्या बसून पाहत राहिल्या.

ती पहिली धुणी मला अजून दिसते. तेल लावून घड्याळ लावलं, वीस मिनिटं. ब्रश फिरवताना माझा हात इतका थरथरत होता की चिऊला गुदगुल्या झाल्या असाव्यात. ती माझ्या पायांवर पालथी पडून शांत, नळाच्या धारेकडे बघत. ओला थर हळूहळू फुगला, पांढुरका झाला, आणि पिठल्याच्या खरवडीसारखे तुकडे ब्रशच्या केसांत येऊ लागले. त्यांच्याबरोबर केसही. माझा जीव खालीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की केस पुन्हा येतात, तरीही. शांपू घातला, कान आणि डोळे वाचवत तीन तांबे पाणी सोडलं. या वेळी हाताचा आडोसा नाही. पुसून पाहिलं तर जेमतेम चौथाई गेली होती. बाकीची तशीच, मठ्ठ.

पहिला आठवडा एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. धुरी बंद केली. केस वाळवायला आम्ही शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून त्यावर बाळ धरायचो, पावसाळ्यात तर हमखास. पण धूर तो धूर, एवढ्याशा फुप्फुसांना तो कशाला? टोपडंही घरात काढून टाकलं; बंद, घामट डोकं कुणाला बरं वाटेल? डाळीचं पीठ डोक्याला लावायचं थांबवलं, कारण ते त्या थरात जाऊन बसायचं आणि दुपारी वाळून आणखी खपली दिसायची. अर्धी खपली आम्हीच घडवत होतो म्हणायची.

मध्ये एकदा सगळं स्वच्छ झालं म्हणून पेढे वाटायचे बाकी होते, तर दहा दिवसांत परत आली. असं होतं. त्या ग्रंथी शांत होईपर्यंत ती येत-जात राहते. दुसऱ्यांदा मी घाबरले नाही. दुसऱ्यांदा ती होतीही पातळ. गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीत पहिल्या अंघोळीला चिऊला मांडीवर घेतली तेव्हा डोकं कोऱ्या पाटीसारखं होतं, आणि मी नख ओढलेल्या जागीही केस आले होते. थोडे आखूड, बारकाईने बघितलं तरच कळणारे. मी बघते.

त्या दिवाळीत जुने फोटो काढले. लेकीचा एक फोटो आहे, तिसऱ्या महिन्यातला. कुंचीच्या कडेखाली कपाळाच्या वर पिवळट पट्टा स्पष्ट दिसतो. इतकी वर्षं मला वाटायचं, फोटो जुना झाल्याने रंग उतरलाय. माझ्या सासूबाई तेव्हा म्हणायच्या, "जावळाची खपली ती. जावळ काढलं की जाते." आणि जावळ काढल्यावर खरंच गेली होती. आमच्याकडे जावळ पाचव्या, सातव्या, नवव्या किंवा अकराव्या महिन्यात काढतात. म्हणजे नेमकी जेव्हा ती आपल्या पायाने चालती होते तेव्हाच. सगळं श्रेय वस्तऱ्याला. उलट खपली असताना वस्तरा फिरवला तर कापायचंच भय जास्त.

चिऊचं जावळ सातव्या महिन्यात काढलं. मामा हैदराबादहून आला, पाटावर बसला, चिऊ त्याच्या मांडीवर. न्हाव्याला म्हटलं वस्तरा नको, मशीन फिरवा. डोकं तीन महिन्यांपासून स्वच्छ होतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत. मावशींनाही आवर्जून बोलावलं होतं, साडी-चोळी होती त्यांना. मशीन थांबलं, मी ओल्या पंच्याने डोकं पुसलं, चिऊने त्या पंच्याचं टोक तोंडात घातलं. मावशी पुढे झाल्या, तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला, टाळूवर क्षणभर थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा. जावळ काढलं, खपली गेली."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मावशींच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तूप जरा सढळ हाताने.